पाव्हण्याच्या हातात घमेलं : परदेशी तरुणांचं सेवा शिबिर चालवणारी पोरं कशी तयार करायची

आमच्या खान्देशात दारात अनोळखी माणूस उभा राहिला की घरातली म्हातारी आधी ‘बठा’ म्हणते, मग पोराला पाणी आणायला पिटाळते, आणि कोण, कुठला, कशाला आला हे त्यानंतर विचारते. ही सवय सोन्यासारखी आहे. पण आंतरराष्ट्रीय सेवा शिबिराचं वेळापत्रक कशानं बिघडत असेल, तर सगळ्यात जास्त याच सवयीनं.

माझं पहिलं शिबिर साक्री तालुक्यातल्या एका डोंगराळ पाड्यावर झालं. चौदा दिवस, अकरा परदेशी, नऊ आपल्याकडचे. काम होतं टेकडीवर सलग समतल चर खणायचं, म्हणजे पावसाचं पाणी अडून जिरावं म्हणून उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे लांब चर. पहिला दिवस फेटे आणि नारळात गेला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावानं ‘आमच्याकडे पण पाठवा’ म्हणून गाडी धाडली. तिसऱ्या दिवशी शाळेत भाषणं. शेवटी हिशेब केला तेव्हा प्रत्यक्ष खोदकाम साडेपाच दिवसांचं भरलं. शिबिरप्रमुख म्हणून मी ज्या मुलाला तयार केलं होतं, त्याचं इंग्रजी फर्डं होतं, स्वभाव गोड होता. त्याला फक्त ‘नाही’ म्हणता येत नव्हतं, आणि ते मी त्याला शिकवलंही नव्हतं.

तुमच्या संस्थेत, कॉलेजात किंवा गावच्या मंडळात अशी पोरं तयार करायची जबाबदारी पहिल्यांदाच आली असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

आधी माणूस निवडा

अशा शिबिरात साधारण दोन-तीन आठवडे वेगवेगळ्या देशांतली दहा ते वीस तरुण मुलं एकत्र राहतात, दिवसाला पाच-सहा तास अंगमेहनत करतात, स्वतःचं जेवण स्वतः रांधतात. प्रवासखर्च ज्याचा त्यानं करायचा, कामाचा मोबदला कुणालाच नाही. या सगळ्यांना सांभाळणारा शिबिरप्रमुख बहुतेक वेळा त्यांच्याच वयाचा, वीस ते पंचवीसचा असतो. शक्यतो दोघं निवडा, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलीला ‘सहायक’ करून तिच्याकडे स्वयंपाकघर द्यायची खोड आपल्याकडे आहे, ती पहिल्याच बैठकीत मोडा.

निवडीसाठी मुलाखत घेऊ नका. पंधरा-वीस इच्छुकांना एका शनिवारी-रविवारी कुठल्यातरी शाळेत मुक्कामाला बोलवा. मोठ्या पातेल्यात खिचडी करा आणि रात्री जेवणं झाल्यावर गुपचूप बघत बसा. कोण सांगितल्याशिवाय भांडी घासायला उठतं? कोण दुसऱ्याला उठवतं, पण न ओरडता? कोपऱ्यात एकटं बसलेल्याशी जाऊन कोण बोलतं? एवढ्यात निम्मी निवड होते. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडून ठेवत, कपडे धुवून ठेवत. ती गोष्ट आपण सगळे शाळेत ऐकतो आणि पुढारी निवडताना नेमकी विसरतो.

इंग्रजी कामापुरतं हवं. येणाऱ्यांतल्या निम्म्यांचंही मोडकंच असतं, हे आपल्या मुलांना सांगा. कोरियातली, स्पेनमधली मुलगीही शब्द शोधत शोधतच बोलते. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं विशेष शिबिर केलेली मुलं मिळाली तर उत्तम. टिकाव कसा धरायचा आणि वीस जणांत एक नळ कसा वापरायचा, हे त्यांना ठाऊक असतं.

पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगा

प्रशिक्षणाची सुरुवात नियमांनी केली की पोरं पेंगतात. मी १९२० पासून सुरुवात करतो. पहिलं महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती. फ्रान्समध्ये व्हर्दंजवळ एस्न नावाचं गाव तोफांनी पार उद्ध्वस्त झालं होतं. पिएर सेरेसोल नावाचा एक स्विस इंजिनिअर तिथं काही जणांना घेऊन गेला आणि घरं, रस्ते उभे करायला लागला. त्या तुकडीत जर्मनही होते. ज्यांच्या सैन्यानं गाव उडवलं, त्यांचीच माणसं वीट उचलायला आलेली! गावाला ते पचलं नाही, आणि काही महिन्यांत तुकडीला निघावं लागलं. पण त्यातूनच पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. जानेवारी १९३४ मध्ये बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा हाच सेरेसोल साथीदारांना घेऊन भारतात आला, आणि गावं पुन्हा वसवायचं त्यांचं काम १९३७ पर्यंत चाललं.

ही गोष्ट सांगून झाली की मुलांना एकच प्रश्न विचारा : एस्नमध्ये काय चुकलं? कुणी म्हणतं, जर्मनांना न्यायलाच नको होतं. कुणी म्हणतं, गावाला आधी विचारायला हवं होतं. त्यांना भांडू द्या. अर्धा तास भांडण चाललं की आपल्याला पुढं काय शिकवायचं आहे, ते त्यांच्याच तोंडून यायला लागतं.

गाव आणि काम

काम गावानं निवडलेलं हवं, आणि निवडलं की नाही ते ग्रामसभेत कळतं, सरपंचाच्या ओट्यावर नाही. शिबिराच्या किमान तीन महिने आधी शिबिरप्रमुखांना त्या गावात दोन-तीनदा मुक्कामी पाठवा. तुम्ही सोबत जाऊ नका, नाहीतर गाव तुमच्याशीच बोलतं.

महिना कोणता? हे खान्देशाबाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. परदेशी मुलांच्या सुट्ट्या बहुधा जून ते ऑगस्टमध्ये असतात. जूनच्या सुरुवातीला इथं ऊन सरलेलं नसतं, आणि पुढे पेरणी, निंदणीत गावात माणूस सापडत नाही. एप्रिल-मेचं नावच काढू नका, जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो. दिवाळीनंतर लगेच डोंगरावरची माती अजून ओलसर, खणायला सोपी असते, पण तेव्हा कापूस वेचणी चालू असते. म्हणून मी डिसेंबरचा मधला पंधरवडा ते जानेवारीअखेर हा काळ धरतो. थंडी असते, हिरव्या वांग्याचं भरीत असतं, आणि सकाळी दहापर्यंत गावातल्या दहा-बारा माणसांना यायला जमतं. फेब्रुवारी उलटला की मुरूम टिकावाला दाद देत नाही.

आता हिशेब. आपली पोरं उत्साहात ‘दोन किलोमीटर चर खणू’ असं कबूल करून येतात. त्यांना गणित घालून द्या. दोन फूट रुंद, एक फूट खोल चर म्हणजे मीटरला साधारण ०.१८ घनमीटर माती. नवशिक्या हाताकडून पाच तासांत अर्धा घनमीटर निघाला तरी खूप, म्हणजे माणशी जेमतेम पावणेतीन मीटर. वीस जणांचे दिवसाला पन्नास-पंचावन्न मीटर. दहा दिवस काम झालं तर पाचशे मीटर, आणि एकदा भरले की त्यात नव्वद हजार लिटर पाणी. पाचशेच कबूल करा. पाचशे मीटर पुरे करून परतलेली तुकडी आणि दोन किलोमीटरपैकी चौथा हिस्सा खणून परतलेली तुकडी यांचं काम एकच, पण गावाच्या नजरेत जमीन-अस्मानाचा फरक.

जमीन वनखात्याची असेल तर परवानगी लेखी घ्या, तोंडी ‘खणा ना’ चालत नाही. तशी परवानगी निघायला लागणारा वेळ धरूनच तारखा ठरवा.

बांबूची चौकट

प्रशिक्षणातला माझा आवडता दिवस हा. समतल रेषा आखायला महागडं यंत्र लागत नाही. सहा-सात फुटांचे दोन बांबू वरच्या टोकाला बांधायचे, खाली पाय पाच फुटांवर फाकवायचे, मध्ये आडवी काठी बांधायची. इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट होते. वरच्या गाठीतून सुतळी सोडून तिला दगड लटकवायचा. चौकट जमिनीवर उभी करून सुतळी आडव्या काठीवर जिथं टेकते तिथं खूण करायची. मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागी पुन्हा उभी करायची आणि दुसरी खूण करायची. दोन खुणांच्या बरोब्बर मधोमध सुतळी आली की दोन्ही पाय एका पातळीत. पुढं एक पाय जागेवर ठेवायचा, दुसरा फिरवायचा, सुतळी मध्यावर आली की चुना टाकायचा. असं करत टेकडीला वळसा घालत जायचं.

हे काम एकट्याला जमत नाही. एकानं पाय धरायचा, दुसऱ्यानं सुतळी बघायची. भाषा लागत नाही, घाई चालत नाही, आणि वारा आला की दोघांनाही थांबावं लागतं. मी मुद्दाम एकमेकांशी न पटणाऱ्या पोरांच्या जोड्या लावतो आणि तासभर एक शब्द बोलू देत नाही. शिबिरात पहिल्या सकाळी हाच खेळ गावातला एक आणि परदेशी एक अशा जोड्यांत घ्या. साठीचा आजोबा आणि बावीस वर्षांचा पोलिश मुलगा एका चौकटीला धरून टेकडीभर फिरले की ओळख करून द्यायचे खेळ घ्यावे लागत नाहीत. आजोबाला उतार नुसत्या डोळ्यानं कळतो, पोराला सुतळीनं. दोघांचं जुळलं की आजोबा हसतो, ते बघण्यासारखं असतं.

पाव्हना उनात! (पाहुणे आले!)

आता मूळ दुखण्याकडे. पाहुणचाराला तोंड द्यायचं कसं, हे नाटक करून शिकवावं लागतं. चार प्रसंग तरी बसवाच.

पहिला : परदेशी मुलगी घमेलं उचलते आणि गावची काकू ते हातातून काढून घेते, ‘माय, तू बस सावलीत.’ शिबिरप्रमुखानं काय करायचं? काकूला अडवायचं नाही. दुसरं घमेलं आणायचं, दोघींना रांगेत शेजारी उभं करायचं. चर खणताना माती हातोहात द्यायची साखळी लावली की कुणी कुणाचं घमेलं हिसकावत नाही. बसवायची असेल तर दोघींना एकदमच बसवा.

दुसरा : सत्कार. तो टाळता येत नाही आणि टाळूही नये. पण एकच, पहिल्या संध्याकाळी, अर्ध्या तासाचा. फेटा बांधायचा तर गावातल्या पाच कष्टकऱ्यांनाही बांधा आणि तो परदेशी मुलांच्या हातानं बांधवून घ्या. वेडावाकडा बांधला जातो, सगळे हसतात, वातावरण सैल होतं.

तिसरा : चहा. दहा घरं, दहा कप. यावर तोड म्हणजे ‘अर्धा कप, उभ्याउभ्या, आणि काम सुटल्यावर’. हे वाक्य शिबिरप्रमुखाच्या तोंडात बसलं पाहिजे.

चौथा आणि सगळ्यात अवघड : मोटारसायकलवरून आलेले तीन जण, मुलींबरोबर सेल्फी हवा. इथं हसून चालत नाही. ‘दादा, फोटो नको. काम करायचं असेल तर फावडं आहे.’ हे मोठ्यानं, सरळ उभं राहून म्हणायचा सराव करून घ्या. आमच्याकडच्या पोरींना हे पोरांपेक्षा लवकर जमतं, असा माझा अनुभव. आपल्या पोरांना मोठ्यांसमोर मान वर करायची सवय नसते. वयानं मोठ्या माणसाला नकार देताना आवाज खाली पण शब्द पक्के, हे पुन्हा पुन्हा घोटून घ्यावं लागतं.

याची दुसरी बाजूही असते. गाव एखाद्या दिवशी आलंच नाही, ओट्यावर बसून ‘गोरं पोरगं बघ कसं खणतंय’ म्हणत राहिलं, तर? माझा नियम साधा आहे : गावचे किमान पाच हात असल्याशिवाय टिकाव उचलायचा नाही. दोनदा आम्ही तुकडीला टेकडीवर नुसतं बसवून ठेवलं. दोन्ही वेळा तासाभरात माणसं आली, थोडी रागावून, पण आली.

परदेशी मुलांनाही एक गोष्ट पहिल्या रात्री सांगायची असते. शेंबडं पोर कडेवर घेऊन फोटो काढायचा आणि ‘मी भारतात गरिबांना मदत केली’ म्हणून टाकायचा, हे इथं चालणार नाही. कुणाचाही फोटो काढायच्या आधी विचारायचं, लहान मुलाचा असेल तर आईला विचारायचं. आणि मदतीचा भ्रम उतरवायचा असेल तर पांझरा नदीकाठच्या एखाद्या जुन्या बंधाऱ्यावर त्यांना घेऊन जा. बंधाऱ्याखालच्या शेतीचे मोठे तुकडे, म्हणजे फड, पाडून पाणी द्यायच्या फड पद्धतीत कित्येक पिढ्या शेतकऱ्यांनी आपलं पाणी आपणच वाटून घेतलं, पाटाचं पाणी सोडायला पाटकरी नेमला, कोणत्या फडात कुठलं पीक ते सगळ्यांनी मिळून ठरवलं. साक्री तालुक्यातलं बारीपाडाही दाखवण्यासारखं आहे. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी राखलेलं जंगल तिथं उभं आहे. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. शिबिरप्रमुखांनी मात्र तिथं आधी एकदा जाऊन यावं, परदेशी मुलांबरोबर पहिल्यांदा नको.

‘बघू’ म्हणजे काय

भाषेचा भाग दुभाष्याच्या सरावानं शिकवा. एक जण अहिराणीत बोलेल, शिबिरप्रमुख इंग्रजीत सांगेल, तीन वाक्यांच्या वर साठवायचं नाही. म्हातारा पाच मिनिटं बोलला आणि शिबिरप्रमुखानं ‘ते तुमचं स्वागत करतात’ एवढंच सांगितलं, तर ऐकणाऱ्याला आपण फसवलं असं वाटतं, आणि ते खरंच असतं. सातपुड्याच्या बाजूला गेलात तर भिल्ली, पावरी, मावची बोलणारी गावं लागतात. तिथं धुळ्या-जळगावच्या पोरालाही दुभाष्या लागतो, हे त्यानं कबूल करावं.

शब्दांपेक्षा अडचण होते ती न बोललेल्याची. आपण ‘बघू’, ‘करू ना’, ‘पाहतो’ म्हणतो, त्याचा अर्थ बहुधा ‘नाही’. बाहेरून आलेला मुलगा ते वेळापत्रकात लिहून टाकतो आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरची वाट बघत बसतो. मान डोलावण्याचंही तेच. हे अर्थ त्यांना सांगणं शिबिरप्रमुखाचं काम, आणि गावाकडून तारीख-वेळ-नाव असं पक्कं उत्तर काढणं हेही त्याचंच काम. शिवाय दोन्ही शिबिरप्रमुखांनी सगळ्यांसमोर आपापसात मराठीत कुजबुजू नये. समोरच्याला वाटतं, बोलणं आपल्याबद्दलच आहे.

कागद, पोट, पाय

हे भराभर सांगतो, पण यातलं एकही सोडू नका. बिनमोबदला काम कोणत्या व्हिसात बसतं, ते येणाऱ्यानं आपल्या देशातल्या भारतीय वकिलातीतून आधी विचारून घ्यावं. परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची जबाबदारी ठेवून घेणाऱ्याची असते. लोक तिला ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखतात. जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन, यादी देऊन या. विमा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन नसेल तर मुलाला कामावर घेऊ नका.

पाणी उकळून किंवा गाळणीचं. भाजी दोन पातेल्यांत करा, एकात आपला काळा मसाला, दुसऱ्यात फक्त मीठ-हळद. चौथ्या दिवशी दुसऱ्या पातेल्यातली मंडळी पहिल्याकडे सरकतात. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापायला बसवलं की अर्धी परकेपणाची भिंत चुलीपाशीच पडते. मोहाची दारू समोर येणारच, तिचा नियम पहिल्या रात्रीच सगळ्यांनी मिळून ठरवायचा आणि लिहून भिंतीवर लावायचा.

दुसऱ्या दिवशी तळहातांना फोड येतात, म्हणून हातमोजे आणि बंद बूट हवेत. दगड उचलताना आधी टिकावानं हलवायचा, खाली विंचू किंवा साप असू शकतो. साप चावल्यास कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चावलेला हात-पाय न हलवता माणसाला दवाखान्यात न्यायचं. सर्पदंशावरची लस कुठल्या दवाखान्यात आहे, हे शिबिराआधी प्रत्यक्ष जाऊन विचारा. १०८ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असावा, आणि गाडी पाड्यापर्यंत पोहोचते का तेही आधी तपासा.

सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना अजिंठ्याला जायचं असतं. लेणी सोमवारी बंद असतात. हे एका वर्षी आमच्या लक्षात आलं नाही, आणि तीन तास गाडीत बसून आलेल्या तेरा जणांची तोंडं अजून आठवतात. जळगावजवळ जैन हिल्सला गांधी तीर्थ आहे, तोही दिवस चांगला जातो.

संध्याकाळचं रिंगण

रोज जेवणाआधी सगळे गोल बसतात. एक दगड फिरवायचा, ज्याच्या हातात दगड तोच बोलणार. आज काय जमलं, काय खटकलं, उद्या काय. शिबिरप्रमुखानं शेवटी बोलायचं आणि सगळ्यात कमी. नवख्या शिबिरप्रमुखाला शांतता सहन होत नाही. दगड कुणाच्या हातात दोन मिनिटं थांबला की तो मध्येच विनोद करतो. ती दोन मिनिटं गप्प बसायचा सराव प्रशिक्षणात घ्या, अगदी घड्याळ लावून. खटके बहुधा मोठ्या गोष्टींवरून होत नाहीत. गरम पाणी कुणी संपवलं, पहाटे भजन कुणी लावलं, भांड्यांची पाळी कुणी चुकवली, असल्या गोष्टी असतात. त्या त्याच संध्याकाळी निघाल्या तर मिटतात.

खर्चाची वही रिंगणातच उघडी ठेवा. दोन सह्यांशिवाय पैसा निघू नये. परदेशातून आलेल्या मुलानं दिलेले पाचशे रुपये कशावर गेले, हे त्याला विचारावं लागलं तर शिबिरप्रमुख तिथंच हरला.

पहिलं वर्ष जोडीनं

एवढं झालं तरी नव्या मुलाला थेट शिबिर देऊ नका. आधी जवळच्या गावात दोन दिवसांचं फक्त आपल्या पोरांचं शिबिर त्याच्या हाती द्या आणि तुम्ही फावडं घेऊन रांगेत उभे राहा. चूक होताना दिसली तरी तोंड उघडायचं नाही, कुणाच्या जिवाला धोका असेल तेवढं सोडून. मला हे फार जड जातं. नंतर एक आंतरराष्ट्रीय शिबिर त्यानं दुसऱ्या अनुभवी शिबिरप्रमुखाच्या जोडीनं करावं. तिसऱ्या वेळी त्याचं त्याला.

आणि शिबिर संपल्यावरचं एक काम निरोपाच्या आधीच नेमून द्या. पावसाळ्यात पहिला मोठा पाऊस झाला की दोघांपैकी एकानं टेप घेऊन त्या टेकडीवर जायचं. कुठला चर भरला, कुठला फुटला, कुठं गाळानं बुजला, ते मोजून फोटो काढायचे आणि वीसच्या वीस जणांना पाठवायचे. आमच्या त्या साडेपाच दिवसांच्या चरांपैकी वरचे दोन पहिल्याच पावसात फुटले होते. फोटो पाठवले तेव्हा आधी कुणी उत्तर दिलं नाही. मग एका मुलीचा निरोप आला : डिसेंबरमध्ये ती दुरुस्तीला येतेय, चौकट तयार ठेवा.